दस्त्यावरचं कुंकू

अमेरिकेतली प्रत्येक वस्तू सहा फुटी माणसासाठी केलेली आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाचा वरचा कप्पा, ऑफिसातली खुर्ची, गाडीचा सीटबेल्ट, दुकानातली ट्रॉली. मी पाच फूट अर्धा इंच. मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायला येऊन चौदा वर्षं झाली, तरी आमच्या स्वयंपाकघरात एक स्टूल कायम पायांत येतं, ते माझ्यासाठी. म्हणून दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात कंपनीच्या पिकनिकला कुणीतरी माझ्या हातात बंदूक दिली आणि तिनं माझ्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग उठवला, तेव्हा मी घाबरले नाही. मला राग आला. हीसुद्धा सहा फुटी माणसाची!

खेळ साधा होता. एक यंत्र बशीएवढी मातीची चकती हवेत फेकतं आणि आपण ती छर्‍यांनी फोडायची. लागली तर तिचं पीठ होतं. मी पंधरापैकी दोन फोडल्या. त्या दोन चकत्या पुढे आठवडाभर डोक्यातून गेल्या नाहीत.

मी मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेली वस्तू नकाशाबरहुकूम आहे का ते बघायचं आणि नसली तर तिच्यावर लाल चिठ्ठी लावायची. अठरा वर्षं हेच केलं. आपण होऊन एकही वस्तू केली नाही. स्वयंपाक सोडून, तो संपतो.

आमच्या पलीकडच्या घरात एक म्हातारा एकटा राहायचा. आयुष्यभर कारखान्यात पोलादी साचे बनवणारा कारागीर. त्याच्या तळघरात त्याच्या वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक पडून होती, हे मला माहीत होतं, कारण तो ती दर हिवाळ्यात पुसायचा आणि ते मला सांगायचा. मी त्याला माझा खांदा दाखवला. त्यानं मला उभं केलं, माझ्या कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं आणि म्हणाला, "बंदूक वाईट नव्हती, यंग लेडी. दस्ता लांब होता." मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते.

मग त्यानं आपली दुनळी बाहेर काढली. नळ्या त्यानं एका जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्या होत्या, त्या ठणठणीत होत्या. लाकडाची मात्र दशा होती. खांद्याला टेकतो त्या अक्रोडाच्या दस्त्यावर जुनं व्हार्निश गुळाच्या पाकासारखं काळं झालेलं, दोन ठिकाणी पोचे, मागचं रबर दगडासारखं कडक.

"मी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ॲरिझोनाला मुलीकडे जातोय, कायमचा," तो म्हणाला. "घर विकलंय. डोळे गेलेत, मला ही नको. लाकडाचं काम तू कर. तुझ्या मापाची कर. जायच्या आधी हिनं एक चकती फोडली, तर ही तुझी. नाही फुटली, तर मी ही दुकानात देऊन जाणार. अर्धवट काम मी मागे ठेवून जात नाही."

माझं नागरिकत्व होऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे कागदांची अडचण नव्हती. अडचण नवऱ्याची होती. तो म्हणाला, "यार, बाकीच्या बायका योगा करतात." मुलगी कॉलेजला गेली होती, ती फोनवर म्हणाली, "मॉम, आर यू सिरियस?" शेवटी असं ठरलं की नळ्या आणि चाप म्हाताऱ्याच्या तिजोरीत राहतील आणि फक्त लाकडी दस्ता आमच्या घरी येईल. नुसत्या दस्त्यानं फार तर कुणाला झोडपता येतं.

पहिल्याच दिवशी मी घाण केली. दस्ता सोडवण्यासाठी जे स्क्रू काढायचे, त्यांच्या खाचा केसाएवढ्या बारीक. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की स्क्रू ड्रायव्हरचं टोक आधी कानशीनं घासून खाचेत घट्ट बसेल असं कर. मी म्हटलं, चार स्क्रूंसाठी कोण घासत बसणार? घरातला घेतला, जोर लावला, आणि एका स्क्रूची खाच फाटली. म्हाताऱ्यानं तो स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला आणि आत कॉफी करायला गेला. मी स्वतः असा स्क्रू बघितला असता तर चिठ्ठी लावून अख्खी पेटी परत पाठवली असती. तो मी तीन संध्याकाळी बसून पुन्हा कोरला.

मग व्हार्निश काढलं. मग पोचे. लाकडातला पोचा वर आणायचा तर त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवायची, वाफेनं लाकूड फुगतं. मी गराजमध्ये हे करत असताना सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ऑगस्टमध्ये साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

"दांडक्याला इस्त्री?" त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाच्या शर्टाला कधी केलेली बघितली नाही."

"तुमचा लेक पोचलेला नाही, आई."

"तुला काय माहीत," असं म्हणून त्या आत गेल्या.

सासूबाईंशी माझं वाईट नव्हतं. फक्त त्यांना रिकामं बसता येत नाही आणि मला न विचारता केलेली मदत चालत नाही. एका घरात एवढं पुरतं.

सप्टेंबरात मी दस्ता कापला. सव्वा इंच. त्याआधी माझं माप म्हाताऱ्यानं तीनदा घेतलं, मी चारदा घेतलं. मागे नवं मऊ रबर बसवलं. मग पॉलिश पेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. म्हाताऱ्याचा एकच नियम होता. कागदाच्या मागे लाकडाचा ठोकळा धरायचा, नुसत्या बोटानं कधी घासायचं नाही. बोट मऊ असतं, ते एकाच जागी रुतून खड्डा करतं. ऑक्टोबर उजाडला तेव्हा दस्ता उघडा, गुळगुळीत आणि सगळीकडे सारख्या रंगाचा झाला होता. मला इतका आवडायला लागला होता की मी तो गराजमधून उचलून आत, धुण्याच्या मशीनशेजारच्या कपाटावर ठेवला. तिथे ऊब असते. आता फक्त तेल पाजायचं राहिलं होतं.

खंडेनवमी बुधवारी आली. मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी आले तर दारातच धूप. दिवाणखान्यात पाटावर पांढरं कापड आणि त्यावर ओळीनं सुऱ्या, विळी, मिक्सर, नवऱ्याचा लॅपटॉप, शिवणयंत्राचा पाय, माझी टूलबॉक्स, आणि सगळ्यांच्या मध्ये, सगळ्यांत मानाच्या जागी, माझा दस्ता. त्यावर हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक बोट, अक्षता, झेंडूचं फूल.

मी चपला न काढता तिथे गेले. फूल उचललं. हळद आणि कुंकू दोन्ही पाण्यात कालवून लावलेली. लाकूड उघडं होतं, त्याची भोकं उघडी होती, त्यानं सगळं पिऊन टाकलं होतं. डावीकडच्या बाजूला, नेम धरताना गाल टेकतो नेमक्या त्या जागी.

"आई, हे काय केलंत?"

"पूजा केली. आज हत्यारांची पूजा असते."

"हे उघडं लाकूड आहे! डाग पडला!"

"कुंकवाला डाग म्हणू नये. आणि आधी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसूनच लावलं मी." म्हणजे पाणीही पाजलं होतं. बोट फिरवलं तर लाकडाची लव उभी राहिलेली. "साखर कारखान्यात हे फिटर होते, तेव्हा मी दर वर्षी त्यांची पेटी पुजायचे. सगळ्यांचं पुजलं आणि तुझं ठेवलं असतं, तर तू बोलली नसतीस?"

"नसते बोलले!"

"आज बोलतेयस की."

नवरा सोफ्यावरून म्हणाला, "अगं, पुसून टाक ना." मी त्याच्याकडे बघितलं, तर तो उठून भाजी गरम करायला गेला.

शेवटच्या शनिवारी, म्हणजे अडीच आठवड्यांनी, म्हाताऱ्याचा ट्रक येणार होता. तेल लावायलाच दहा-बारा दिवस हवेत, कारण रोज एकच हात द्यायचा आणि तो वाळू द्यायचा. डागावर तेल चढलं की तो कायमचा. म्हणजे आधी डाग.

हळद उन्हात जाते, हे कुठल्याही बाईला कळतं. साडीवर पडली की साडी गच्चीत टाकायची. पण मिशिगनमध्ये ऑक्टोबरात ऊन मागून मिळत नाही. गुरुवारी ढग. शुक्रवारी ढग आणि पाऊस. सोमवारी अकरा वाजता ऑफिसच्या खिडकीत ऊन पडलं, तशी मी मीटिंग सोडून गाडी काढली. बारा मिनिटांत घरी पोचले, दस्ता घेऊन बाहेर आले, आणि ऊन गेलं. मी ड्राइव्हवेवर लाकूड हातात धरून आभाळाकडे बघत उभी. समोरच्या घरातल्या बाईनं हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परत धावत आले, तर दस्ता जागेवर नव्हता. तो सासूबाईंच्या मांडीवर होता. साडी, त्यावर लेकाचा स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज, अशा त्या पुढच्या पायरीवर बसलेल्या आणि ऊन सरकेल तसा दस्ता फिरवत होत्या. पापड राखायला बसावं तशा. शेजारी काठी होती.

"काठी कशाला?"

"त्या खारींचा भरवसा नाही."

मी आभार मानले नाहीत. सँडविच खाल्लं आणि गेले. मी तेव्हा त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. चहा हवा का, औषध घेतलं का, एवढंच.

शनिवारपर्यंत हळद गेली. कुंकू गेलं नाही. ते इथल्या दुकानातलं भडक कुंकू, त्यात रंग कसला होता देव जाणे. तांदळाच्या दाण्याएवढा लाल ठिपका, पक्का. घरात कुणी नव्हतं. नवरा सासूबाईंना घेऊन देवळात गेला होता. मी पॉलिश पेपर घेतला. ठोकळा गराजमध्ये होता. गराज म्हणजे चौदा पावलं.

मी बोटानंच घासायला लागले.

थोडं घासलं, ठिपका फिका झाला. म्हणून आणखी घासलं. मग वाटलं, आता जवळजवळ गेलाच आहे. तो जवळजवळ जातच राहिला. लाल रंग भोकांतून खोल उतरला होता आणि मी त्याच्या मागे मागे उतरत गेले. हात थांबला तेव्हा ठिपका फिका गुलाबी उरला होता आणि त्याच्याभोवती, अंगठ्याएवढा, गुळगुळीत खड्डा पडला होता. डोळ्यांना चटकन दिसत नव्हता. बोटाला लगेच लागत होता.

माझ्या कामात सदोष वस्तूचे तीनच रस्ते असतात. भंगारात टाका, दुरुस्त करा, किंवा सही करून आहे तशी वापरा. तिसरा रस्ता मी अठरा वर्षांत क्वचित घेतला. जे लोक सारखे तो घेतात, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. दुरुस्त करायचं, तर सगळा दस्ता त्या खड्ड्याच्या पातळीला आणावा लागला असता आणि मग लाकूड जोडाशी लोखंडाच्या पातळीखाली गेलं असतं. भंगार म्हणजे म्हाताऱ्यानं बंदूक दुकानात देऊन जाणं. उरला तिसरा. मी जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि पहिला हात दिला. लाकडाचा रंग एकदम खोल, तांबूस झाला. खड्डा चमकला.

संध्याकाळी कुणाला काही सांगितलं नाही. घरातल्यांना डाग दिसला, खड्डा दिसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "राहिलंच थोडं," आणि त्यांचा चेहरा अपराधी झाला. मी त्यांचा तो चेहरा तसाच राहू दिला. हे मी मुद्दाम लिहितेय.

तेल लावायचं काम कंटाळवाणं असतं. चार थेंब घ्यायचे आणि तळहात गरम होईपर्यंत चोळायचे. थंडीत तेल लवकर वाळत नाही, चिकट राहतं. तीन हात झाले तरी माझा दस्ता गुलाबजामसारखा हाताला लागत होता. दिवस उरले पाच. त्या संध्याकाळी मी आले, तर तो कोरडा होता. नुसता कोरडा नव्हता, त्याला आतून चकाकी आली होती.

"आई, तुम्ही हात लावलात?"

"लावला," त्या म्हणाल्या. "तू रागवायचीस ती रागावून झालीयस, म्हटलं आता काय जातंय." त्यांनी हात पुढे केले. तळवे लाल झालेले. "तू तेल फार घेतेस. आमचे हे हातोड्याच्या दांड्याला जवसच पाजायचे. आधी जास्तीचं सगळं पुसून काढायचं, मग चोळायचं. चटका बसेपर्यंत. तुला ऑफिसातून आल्यावर कुठला एवढा दम?"

त्यांचं बरोबर होतं. मला ते आवडलं नाही. पुढचे चार दिवस दुपारी त्यांनी चोळलं, रात्रीच्या जेवणाआधी मी.

शेवटच्या शनिवारी सकाळी म्हाताऱ्याच्या तळघरात दस्ता नळ्यांना जोडला. माझा कोरलेला स्क्रू नीट बसला. म्हाताऱ्यानं बंदूक उचलली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे बघितलं आणि चष्मा काढून ठेवला. त्याला तसंही फारसं दिसत नव्हतं. त्यानं डोळे मिटून दस्त्यावर अंगठा फिरवला. मागून पुढे. डावीकडे आल्यावर अंगठा थांबला. मागे गेला. परत आला.

"हे कोणी केलं?"

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या, थर्मास घेऊन. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण अंगठा कुठे थांबला ते कळलं. त्या मला म्हणाल्या, "सांग त्यांना, मी केलं म्हणून. म्हाताऱ्या बाईला काय बोलणार आहेत?"

क्षणभर मोह झाला. खोटं नाही.

"लाल डाग माझ्या सासूनं केला," मी म्हाताऱ्याला म्हटलं. "आमच्यात वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात. खड्डा मी केला. डाग काढताना. ठोकळा घेतला नाही."

"डाग मला दिसतसुद्धा नाही," तो म्हणाला. "डागानं काही होत नाही. ठोकळा का नाही घेतलास?"

"गराजमध्ये होता."

तो हसला नाही. मान हलवत राहिला. चाळीस वर्षं साचे बनवलेल्या माणसाला हे उत्तर नवं नसावं. मी वळून सासूबाईंना मराठीत सांगितलं, "आई, ते म्हणतायत कुंकवानं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते मी." त्या म्हणाल्या, "मग एवढे दिवस माझ्याशी अबोला कशापायी?" नवरा गाडीचा हॉर्न वाजवत होता, म्हणून बरं.

नेमबाजीच्या रेंजवर बोचरं वारं होतं. पंचवीस काडतुसांची एक पेटी. पहिल्या सहा चकत्या तशाच निघून गेल्या. दर वेळी बंदूक वर आणताना दस्ता काखेत अडकत होता. म्हाताऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि माझ्या कोटाची बाही चिमटीत धरली.

"माप कधी घेतलं आपण?"

"ऑगस्टमध्ये."

"काय घातलं होतंस?"

सुती कुर्ता. तीन मापं त्यानं घेतली, चार मी घेतली, आणि कोटाची जाडी दोघांनीही धरली नाही. पहिल्यांदाच त्याचा चेहरा माझ्यासारखा ओशाळला. मी कोट काढून सासूबाईंच्या हातात दिला. "अगं, मरशील थंडीनं," त्या म्हणाल्या. आता दस्ता खांद्यात बरोबर बसत होता. पण गाल त्या खड्ड्यात घसरायचा आणि नेम डावीकडे जायचा. सातवी, आठवी, नववी. बोटं बधिर. मला सगळ्यांचा राग आला होता. थंडीचा, कुंकवाचा, माझ्या चौदा पावलांचा. चौदाव्या चकतीपर्यंत माझ्या लक्षात आलं की खड्डा दर वेळी तेवढंच चुकवतोय, कमी नाही, जास्त नाही. ठरावीक चूक असेल तर मोजून वजा करता येते, हे मी रोज ऑफिसात करते. मी नेम तेवढाच उजवीकडे घेतला.

सोळावीची कड उडाली. पीठ नाही, टवका.

"ही फुटली म्हणायची?" मी विचारलं.

"तुझ्या कारखान्यात काय म्हटलं असतं?"

"परत पाठवली असती."

"माझ्याही," म्हातारा म्हणाला. "अजून नऊ आहेत. मार."

एकविसावीचं पीठ झालं. सासूबाईंनी टाळी वाजवली, थर्मास पडला. म्हाताऱ्यानं बंदूक माझ्याकडून घेतली, उघडून रिकामी केली, खड्ड्यावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला आणि ती माझ्या हातात परत दिली. "सही कर आणि वापर," तो म्हणाला. "पण घरात एक ठोकळा ठेव." दुपारी त्याचा ट्रक गेला.

बंदूक आता आमच्या तळघरात कुलपात असते. खड्डा भरून घेता येतो, असं मला दोघांनी सांगितलंय. मी अजून भरलेला नाही. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा जाते, कोटाशिवाय, आणि नेम थोडा उजवीकडे धरते. दस्त्याचं माप मात्र अचूक आहे. या देशातली तेवढी एकच वस्तू.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला.

"बंदुकीला कुंकू लावलंस का गं?"

"गेल्या वर्षीचं आहे अजून," मी म्हटलं.